तलासरी ताडगोळ्यांचे चौदा हंगाम

अमेरिकन फुटबॉलचा एक संघ माझ्या ताब्यात आहे, असं मी अच्छाडच्या नाक्यावर सांगितलं तर लोक आधी माझ्या तोंडाचा वास घेतील. पण आहे. नाव 'तलासरी ताडगोळे'. त्रेपन्न गडी, एक प्रशिक्षक, आणि यातला एकही जण कधी जन्माला आलेला नाही.

हा सगळा कारभार संगणकात चालतो. जगभरातली काही माणसं एकेक संघ घेऊन बसलेली असतात. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, डाव कसा टाकायचा हे माणसाने ठरवायचं. सामना संगणक आपल्या आपण खेळतो आणि निकाल लावतो. पाचेक महिन्यांत एक हंगाम संपतो. दर हंगामाला गडी एका वर्षाने म्हातारे होतात, कुणाचा गुडघा जातो, कुणी निवृत्त होतो, आणि त्यांच्या जागी संगणक नवे गडी पैदा करतो. ना गवत, ना चेंडू, ना घाम. नुसते आकडे. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी म्हणालो होतो, "एवढा उद्योग करण्यापेक्षा भाताला पाणी लावलं असतं तर चार माणसं जेवली असती."

हे मी म्हणालो होतो माझ्या मुलीला. संघ तिचा.

माझं दुकान हायवेला, ट्रकच्या कमान-पाट्यांचं. जड गाड्यांच्या खाली पोलादी पट्ट्यांची चवड असते, तिच्यावर सगळा भार. ती बसली की गाडी माझ्याकडे येते. भट्टी, घण, आणि दिवसभर हिंदी, गुजराती, मराठीची खिचडी. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर. बिलं करायला एक संगणक घेतला, आणि डहाणूच्या कॉलेजात जायला लागल्यापासून बिलं मुलगीच करायची. दोन बिलांच्या मध्ये ती त्या पडद्यावर काय करते हे मी पाच वर्षं विचारलं नाही. बिल चुकत नव्हतं, मग कशाला विचारू?

पुढे तिला सीमेपलीकडच्या, गुजरातेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. प्रयोगशाळेत, पंख्याखाली, घरून जाऊन-येऊन. आठ महिन्यांनी तिने ती सोडली. म्हणाली, बंगळूरला जाते, तिथे खेळांचे आकडे मांडणारी एक कंपनी आहे, ताडगोळ्यांचं काम बघून त्यांनी मला बोलावलं आहे. त्या वेळी दुकानात तीन ड्रायव्हर बसलेले. मी घण खाली ठेवला आणि त्या तिघांसमोर म्हणालो, "खोट्या माणसांची खोटी हाडं मोजायला चाललीस? जा. पण मग माझ्याशी बोलायचं नाही. एक शब्द नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ती रडली नाही, भांडली नाही. "बरं," म्हणाली, आणि गेली.

खाण तशी माती. तिने शब्द पाळला. दर रविवारी आईला फोन यायचा, मी दोन हातांवर बसलेला असायचो. "बाबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्यायला." आमची ही माझ्याकडे बघून म्हणायची, "अहो, ती म्हणते गोळ्या वेळेवर घ्या." मी म्हणायचो, "तिला सांग, घेतो." अबोला आमच्याकडे नवीन नाही. माझ्या वडिलांनी सख्ख्या भावाशी धरला, तेव्हा ते बांधावरच्या आंब्यामार्फत बोलायचे. आंब्याला सांगायचे, पाणी सोड म्हणून, आणि भाऊ पाणी सोडायचा. पण अबोला ज्याने धरला त्यानेच सोडायचा असतो. धरणारा मी होतो, आणि मला सोडता येत नव्हता. दिवसभर बोंबलणाऱ्या माणसाला एक शब्द उच्चारता येऊ नये, याची मला लाज वाटायची.

असे सहा महिने गेल्यावर दुकानातल्या संगणकावर एक पत्र आलं. पडद्याने विचारलं, मराठीत करून दाखवू का? मी म्हटलं, दाखव. पत्रात होतं की मालक एक पूर्ण हंगाम गैरहजर आहे. आणखी एक हंगाम कुणी आलं नाही तर संघ दुसऱ्याला दिला जाईल आणि जुना इतिहास पुसला जाईल.

पुसणार म्हणजे काय पुसणार, म्हणून मी इतिहासाचं पान उघडलं. तिचा पासवर्ड संगणकाने लक्षात ठेवलेला होता. वर लिहिलेलं, 'हंगाम पहिला'. खाली संगणकी मराठी: 'पहिला हंगाम वाईट गेला. शेत जड होते. आमची माणसे दमली.' मला वाटलं पोरीने आमच्या झरीच्या सासुरवाडीच्या भातशेतीबद्दल लिहून ठेवलंय. दोन परिच्छेद तसंच समजून वाचले. मग आलं, 'आक्षेपार्ह ओळीने कुणालाच अडवले नाही', आणि त्याच्या पुढे, 'चार जण खंडपीठावर बसून होते.' तेव्हा डोक्यात उजेड पडला की पोरीने लिहिलंय इंग्रजीत, आणि हे भाषांतर यंत्राचं आहे. शेत म्हणजे मैदान. आक्षेपार्ह ओळ म्हणजे हल्ला करणाऱ्या बाजूची पुढची फळी. खंडपीठ म्हणजे राखीव गड्यांचा बाक. 'घट्ट शेवट' नावाचाही एक गडी निघाला, तो काय करतो हे समजायला मला आठवडा लागला.

दुपारी दोन ते चार दुकानात सामसूम असते. त्या वेळात मी अकरा हंगाम वाचले. पंधरा दिवस लागले. माझ्याबरोबर तेवीस वर्षं घण मारणारा झरीचा जोडीदार खांद्यावरून डोकावून म्हणाला, "पायानं मारीत नाय तं फुटबॉल कसा हाय हा?" मी त्याला समजावून सांगितलं. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे, चार डावांत दहा वार पुढे सरकायचं, नाही सरकलं तर चेंडू समोरच्यांचा. सांगताना लक्षात आलं की मला खेळ यायला लागलाय.

पण खेळाचं जाऊ दे. मी थक्क झालो ते तिच्या लिहिण्याने. संगणक गड्याला फक्त नंबर आणि आकडे देतो. गाव मालकाने घालायचं. हिने प्रत्येकाला गाव दिलेलं होतं. कुणी झरीचा, कुणी कोसबाडचा, कुणी डहाणूच्या खाडीकाठचा, दोघे भाऊ हायवेच्या पलीकडचे. कुणाचा बाप वीटभट्टीवर, कुणाची आई नागली विकायला बाजारात. पहिल्या हंगामात सगळे सामने हरले, तर प्रत्येक हरलेल्या सामन्याखाली कोण का चुकला ते लिहिलेलं, आणि एकाच्याही वाटेला कडू शब्द नाही. मी वाचत होतो आणि विचारत होतो, ही मुलगी आमच्या घरात राहत होती? याच स्टुलावर बसून, माझ्या घणाच्या आवाजात?

बासष्ट नंबरचा एक गडी होता. आक्षेपार्ह ओळीच्या अगदी मधला. चेंडू मागे देतो आणि समोरून येणारा भार अंगावर घेतो, एवढंच त्याचं काम. त्याच्याबद्दल दहाव्या हंगामात तिने लिहिलं होतं: 'बासष्ट निवृत्त झाला. नऊ हंगामांत त्याच्या नावावर एकही गुण नाही. तो होता तोपर्यंत तो आहे हे कुणाला कळले नाही. आता कळेल.' पाट्यांच्या चवडीला मधोमध एक सेंटर बोल्ट असतो, तो दिसत नाही, पण तो तुटला तर सगळे पाटे चार दिशांना. हे मी तीस वर्षं हाताने करतोय. ते असं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. मी उठून तोंड धुऊन आलो.

आणि तिसरा हंगाम. तिथे पहिला विजय. मला वाटलं पानभर लिहिलं असेल. एकच ओळ होती: 'आज जिंकलो. दुकानात कुणाला सांगितले नाही.' मी त्या दिवशी तिथेच असणार, चार हातांवर. कदाचित बिलाला उशीर झाला म्हणून ओरडलोही असेन. माझी मुलगी आयुष्यातला पहिला सामना जिंकून शांतपणे पुढचं बिल करायला लागली असेल, हे डोळ्यांसमोर आलं, आणि मला कुणीतरी पाठीत लाथ घातल्यासारखं झालं.

सगळ्यात शेवटी मी प्रशिक्षकाचं पान उघडलं. प्रशिक्षकही मालकानेच घडवायचा, शंभरपैकी गुण देऊन. तिथे लिहिलं होतं: 'मूळ गाव अच्छाड. स्वभाव गरम. गडी घडवण्याचे कसब नव्व्याण्णव. संवाद बारा.' खाली शेरा: 'सामन्यात सगळ्यांना शिव्या देतो. सामना संपला की प्रत्येकाचे हात तपासतो, भाजले आहेत का ते.'

फुटबॉलमध्ये हात कशाला भाजतील? मी बायकोला दुकानात बोलावून ते दाखवलं. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बारा जास्तच दिलेत हो," म्हणाली. मग तिचं हसू थांबलं, कारण मी हसत नव्हतो. अकराव्या हंगामाची नोंद मी तिला वाचून दाखवली. ती पोरगी बंगळूरला गेल्यानंतरची होती, शेवटची. मालकांचा गप्पांचा एक मंच असतो, त्याच्याबद्दल. 'मंचावर सगळे म्हणतात, प्रशिक्षक बदला. बदलणार नाही.' एवढंच.

त्या दिवशी मी ठरवलं की हे पुसू द्यायचं नाही. बारावा हंगाम यंत्राने एकट्याने खेळून संपवला होता. तेरावा मी हातात घेतला.

सुरुवातच फसली. हंगामाआधी पडद्यावर 'मसुदा' नावाची यादी येते. मी उघडली, तर वर मोठ्या अक्षरांत, 'या वर्षीचे सर्वोत्तम धोकेबाज'. खाली दोनशे जण. पहिल्या क्रमांकाचा धोकेबाज, दुसऱ्या क्रमांकाचा धोकेबाज. 'तुमचा धोकेबाज निवडा.' मी जोडीदाराला म्हटलं, बघ, अमेरिकेत चोर उघडपणे विकायला ठेवतात. माझ्या दुकानात मी आजवर एक लबाड माणूस टिकू दिला नाही, आणि पोरीच्या संघात घेऊ? मी सगळेच्या सगळे नाकारले. त्यांच्याऐवजी दुसऱ्या संघांनी सोडून दिलेले जुनेजाणते गडी घेतले. अनुभवी माणसं. पस्तिशीचे, अडतिशीचे. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

एकही सामना जिंकलो नाही. दर आठवड्याला कुणाचा तरी गुडघा जायचा, कुणाची पाठ. मालकांच्या त्या मंचावर कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाने लिहिलं, 'तलासरी हा संघ आहे की वृद्धाश्रम?' मी त्याला आमच्या भाषेत चार शब्द सुनावले. यंत्राने त्यांचं काय भाषांतर केलं देव जाणे, त्याने मला हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं. पुढच्या मसुद्यातही मी धोकेबाजांना हात लावणार नाही, असं मंचावर जाहीर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या त्या जाहीरनाम्याखाली एक ओळ होती. नाव नाही, पाहुणा म्हणून लिहिलेली. अस्सल मराठीत, म्हणून यंत्राने तिला हातही लावला नव्हता:

'तो शब्द धोकेबाज नाही, नवखा आहे. भाषांतर चुकलंय. मसुद्यातून नवे गडी घ्यावेत.'

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. 'घ्या' नाही, 'घ्यावेत'. कुणालाही उद्देशून नाही. शब्द न मोडता, आंब्याला सांगावं तसं तिने मंचाला सांगितलं होतं. एक हंगामभर ती माझं दिवाळं बघत होती, मी तिचे गडी म्हातारे करून मारत होतो ते बघत होती, आणि थांबवायला आली नव्हती. घरी जाऊन बायकोला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी काय सांगितलं नाही हो. तीच विचारत होती, दुकानातला कॉम्प्युटर हल्ली कोण वापरतं म्हणून."

मी मंचावर उत्तर लिहिलं: 'कळलं.' पुढे आणखी काही लिहायचं होतं. लिहिता आलं नाही.

चौदाव्या हंगामात मी नवख्यांनी संघ भरला. वीस-बावीस वर्षांची पोरं, कागदावर दुबळी. तिच्या पद्धतीने प्रत्येकाला गाव दिलं. तिची गावं संपली होती तिथून मी पुढे गेलो, पार डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत. बासष्टची जागा कोसबाडच्या एका पोराला दिली. ती पोरं सामन्यागणिक वाढत गेली. आकडेच ते, पण बेचाळीसचे चव्वेचाळीस होताना मी पाहत होतो, आणि मला त्याचा विस्मय वाटायचा थांबत नव्हता. जे नाही ते वाढतं कसं? पाचवा सामना आम्ही जिंकलो. मी एवढ्याने ओरडलो की बाहेर पाट्यांसाठी उभा असलेला गुजराती ड्रायव्हर धावत आत आला, त्याला वाटलं भट्टीत कुणी पडलं. मी त्याला चहा पाजला. नाक्यावरच्या पानवाल्याला सांगितलं, ढाब्यावर सांगितलं, टायरवाल्याला सांगितलं. कुणाला काही समजलं नाही. मी तरी सांगत सुटलो. तिसऱ्या हंगामाचं सांगायचं राहून गेलं होतं ना.

हंगाम संपला तसा पडद्यावर प्रश्न आला: 'मुख्य प्रशिक्षकाची मुदत संपली आहे. ठेवायचे की मोकळे करायचे?'

मी दोन दिवस विचार केला. मग 'मोकळे करा' दाबलं आणि इतिहासाच्या पानावर पहिल्यांदा माझ्या हाताने नोंद केली. एका बोटाने टाइप करायला दुपार गेली.

'हंगाम चौदावा. सात जिंकले, नऊ हरले. प्रशिक्षकाला आज मोकळं केलं. कारण लिहितो. दीड वर्षापूर्वी त्याने चारचौघांत, रागाच्या भरात, संघातल्या सगळ्यात चांगल्या गड्याला नको ते बोलून घालवलं. कसब नव्व्याण्णव असलं तरी असं तोंड असेल तर उपयोग काय? चूक प्रशिक्षकाची होती. गड्याची नव्हती. हे त्याने तेव्हाच म्हणायला हवं होतं. त्याला म्हणता आलं नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी भट्टीआधी संगणक लावला. प्रशिक्षकाच्या पानावर मला रिकामी जागा दिसायला हवी होती. तिथे तोच होता. अच्छाडचा, गरम डोक्याचा, संवाद बारावाला. 'पुन्हा नेमणूक. मुदत: पाच हंगाम.' पासवर्ड तिच्याकडेही होता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतिहासात माझ्या नोंदीखाली एक ओळ वाढली होती, यंत्राच्या नाही, तिच्या मराठीत:

'गडी कुठे गेली नव्हती. गडी इथेच होती.'

गडी हा शब्द पुरुषी. शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी लाल रेघ ओढली असती. मी ते 'गेली' आणि ते 'होती' बघत उभा राहिलो. बाहेर एक गाडी हॉर्न देत होती. जोडीदार ओरडला, "शेठ, गिऱ्हाईक हाय!" मी म्हटलं, थांबू दे त्याला.

मग मी फोन केला. तिच्या आईच्या फोनवरून नाही, माझ्या. एकदा वाजला, दोनदा वाजला, उचलला गेला. पलीकडून आवाज नाही. नुसता श्वास. फोन कुणाचा आहे हे तिला दिसत होतं, आणि तरी ती बोलत नव्हती, कारण मीच तिला बोलू नको म्हणालो होतो, आणि तिने तो शब्द अजून मोडलेला नव्हता.

हायवेचा सगळा आवाज दुसऱ्या कानावर हात ठेवून मी बाहेर ठेवला.

"बोल," मी म्हणालो. "बोल गं बाई. बोल."